घरी बरं होण्याचा मागोवा

१८९७ चा मार्च महिना. पुण्यात प्लेग पसरला होता आणि प्लेग कमिटीचे गोरे सोजीर पेठापेठांतून घरं तपासत फिरत होते. रोगी सापडला की त्याची रवानगी प्लेगच्या इस्पितळात, घरच्या माणसांची विलगीकरणाच्या छावणीत. साथरोगांचा कायदा नुकताच हाती आलेल्या सरकारचा लोकांच्या घरांवर जराही विश्वास नव्हता. लोकांचाही इस्पितळावर नव्हता. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाला घरातल्या घरात लपवलं जाई. जूनमध्ये प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली, तिच्यामागे हा उंबरठ्याच्या आत शिरलेल्या सक्तीचा संताप होता.

त्याच मार्चमध्ये हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. रोग्यांना आणता आणता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. टिळकांनीही पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करायला पुढाकार घेतला. दवाखाना आपल्या विश्वासाच्या माणसांचा हवा, ही गरज या दोन्ही प्रयत्नांमागे होती.

आज चित्र पालटलं आहे. गुडघ्याचा सांधा बदललेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात, आणि चार-पाच दिवसांत डॉक्टर स्वतःच सांगतात की आता घरी जा, तिथे लवकर बरे व्हाल. इन्शुलिन, ऑक्सिजन, पोटातलं डायलिसिस, प्रसंगी शिरेतून द्यायची अँटिबायोटिक्ससुद्धा घरी चालतात. ज्या घरातून रोग्याला ओढून नेलं जात होतं, त्याच घराकडे रुग्णालय आता रोग्याला सोपवतं. हे कसं घडत गेलं, ते पाहण्यासारखं आहे. कारण या साऱ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे. माणूस जिथे जिथे घरी नीट बरा झाला, तिथे तिथे त्याच्या मागोमाग तीन गोष्टी घरात आल्या होत्या: शिकलेला हात, लागणारी औषधं आणि साधनं, आणि काही बिघडलं तर जबाब देणारं कुणीतरी. या तिन्हींपैकी एक जरी राहून गेली, तरी घरी पाठवणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं झालं.

सव्वा महिन्याची रीत

मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ चं, पुण्याचं ससून १८६७ चं. त्या काळात ज्याला घर होतं, घरात करणारी माणसं होती आणि पदरी चार पैसे होते, तो रुग्णालयात जात नसे. वैद्य किंवा हकीम घरी येई. पुढे बॅग घेऊन डॉक्टर ‘व्हिजिट’ला येऊ लागले. सार्वजनिक रुग्णालयं मुख्यतः गोरगरिबांसाठी आणि ज्यांचं पाहायला कुणी नाही अशांसाठी होती. युरोपातही हेच होतं.

घरी बरं होण्याची आपल्याकडची सगळ्यांत पक्की रीत बाळंतपणाची. बाळंतीण माहेरी येणार, सव्वा महिना विश्रांती घेणार, न्हाऊ-माखू घालणारी बाई रोज येणार, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळाची गुटी. यात बाहेरून येणारा सराईत हात होता, ठरलेला आहार होता आणि रोज येणारी बाई काही वावगं दिसलं तर सांगणारी होती. सासरच्या कामातून सुटका होती, ती वेगळीच. पण ही रीत निर्दोष नव्हती. सुईणीचे न धुतलेले हात, धुराने कोंदलेली अंधारी खोली, बाळाला पहिलं दूध न पाजण्याची रूढी यांनी किती बाळंतिणी आणि अर्भकं गेली, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. घरात माया होती, ज्ञान अर्धं होतं. पुढच्या दीडशे वर्षांतली धडपड ही माया तशीच ठेवून ज्ञान पूर्ण करण्याची आहे.

लिव्हरपूलची नर्स

शिकलेला हात घरी पाठवण्याची सुरुवात लिव्हरपूलमध्ये १८५९ मध्ये झाली. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी आजारपणात गेली. तिच्या शुश्रूषेसाठी त्यांनी मेरी रॉबिन्सन नावाची नर्स घरी ठेवली होती. आपल्यासारख्या श्रीमंताच्या घरात एका जाणत्या नर्सने एवढा दिलासा दिला, तर ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या घरात काय होईल, असा विचार करून त्यांनी तिलाच तीन महिन्यांसाठी शहरातल्या गरीब वस्तीत पाठवलं. महिनाभरातच ती हताश होऊन परत आली. इतकी घाण, इतकं दैन्य तिने पाहिलं नव्हतं. रॅथबोननी समजूत घातली, ती पुन्हा गेली, आणि तीन महिन्यांनंतर हेच काम पुढे करायचं असं तिने ठरवलं.

अडचण अशी की अशा शिकलेल्या नर्सच मिळत नव्हत्या. रॅथबोननी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. त्यांनी सुचवलं की नर्स मिळत नसतील तर शाळा काढा. १८६२ मध्ये लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरीला जोडून ती शाळा निघाली आणि शहराचे १८ विभाग पाडून प्रत्येकाला नर्स नेमण्यात आली. नाइटिंगेल यांचं नाव आपण रुग्णालयांशी जोडतो. पण रुग्णालय ही संस्कृतीच्या वाटेवरची मधली पायरी आहे आणि शेवटी आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या घरीच व्हायला हवी, असं त्यांचं मत होतं.

हाच धागा १८९३ मध्ये लिलियन वाल्ड यांनी न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या कोंदट चाळवजा घरांत नेला. त्यांच्या संस्थेच्या नर्स घरोघर जात. १९०९ पासून मेट्रोपॉलिटन या आयुर्विमा कंपनीने आपल्या विमेदारांच्या घरी या नर्स पाठवायचा खर्च उचलला. माणूस घरी नीट बरा झाला तर विमा कंपनीचाही फायदाच आहे, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता.

त्याच वर्षी ग्लासगोहून आणखी एक बातमी आली. जेम्स निकोल या सर्जननी मुलांच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दहा वर्षांत केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा अहवाल मांडला. हर्निया, दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं अशी ही ऑपरेशनं. मूल त्याच दिवशी आईच्या कडेवर घरी जाई आणि नंतर नर्स घरी जाऊन पाहत. तान्ह्या मुलाला आईपासून तोडून वॉर्डात ठेवण्याने त्याचं भलं होत नाही, असं निकोल यांचं सांगणं होतं. दूर राहणाऱ्या आयांसाठी त्यांनी रुग्णालयाजवळ छोटं घरही चालवलं. सर्जन मंडळींनी ही गोष्ट मनावर घ्यायला पुढे अर्धं शतक लावलं.

भिंती नसलेलं रुग्णालय

तोवर नर्स घरी जात होती, पण रुग्णालयाची जबाबदारी दारातच संपत होती. ती दाराबाहेर नेली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माँटेफिओरे रुग्णालयाने. १८८४ मध्ये दीर्घ आजाराच्या माणसांसाठी निघालेलं हे रुग्णालय. खाटा महिनोन्महिने अडलेल्या असत. तिथले संचालक ई. एम. ब्लूस्टोन यांनी १९४७ च्या सुरुवातीला ठरवलं की काही रुग्णांना घरी पाठवायचं, पण त्यांची नावं रुग्णालयाच्या यादीतून काढायची नाहीत. डॉक्टर घरी जातील, नर्स जाईल, समाजसेविका जाईल, लागली तर घरकामाला मदतनीसही मिळेल, खाट आणि साधनं रुग्णालयच देईल, आणि गरज पडली तर रुग्ण पुन्हा वॉर्डात येईल. या विभागाची धुरा मार्टिन चेर्कास्की या तरुण डॉक्टरांनी सांभाळली. घरी असलेला माणूस अजूनही आमचाच रुग्ण आहे, असं एका रुग्णालयाने कामकाज आखून म्हटलं, ही मोठी गोष्ट होती.

पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांनी १९५७ मध्ये हीच पद्धत उचलली, आणि १९७० च्या कायद्याने फ्रान्समध्ये ‘घरची भरती’ ही रुग्णालयातल्या भरतीइतकीच अधिकृत ठरली. पेशंट आपल्या पलंगावर, पण कागदोपत्री दाखल. तिथून हे लोण इंग्लंडातल्या पीटरबरोला १९७८ मध्ये पोचलं.

मात्र एक प्रश्न अजून अनुत्तरित होता. घरी माणूस सुखात राहतो, खर्च वाचतो, खाट मोकळी होते, हे सगळं ठीक. पण तो रुग्णालयात झाला असता तितकाच बरा होतो का? याचं नेटकं उत्तर श्रीमंत देशांच्या आधी मद्रासने दिलं.

मद्रासचा निवाडा

क्षय म्हणजे सॅनिटोरियम, हे समीकरण आपल्या मागच्या पिढ्यांच्या मनात घट्ट होतं. स्वच्छ हवा, सकस आहार, पूर्ण विश्रांती आणि घरापासून दूर. मिरज आणि पाचगणी ही गावं त्यासाठी ओळखली जात. परवडत असेल तो जाई. ज्याला जमत नसे तो खोकत खोकत घरीच संपे. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात सापडलं, पाठोपाठ ‘पास’ हे औषध आलं आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. आता रोग बरा होऊ शकत होता. पण देशात रुग्ण लाखांत आणि खाटा काही हजार. सगळ्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवायचं म्हटलं असतं तर पिढ्या गेल्या असत्या.

१९५६ मध्ये मद्रासच्या चेटपेट भागात क्षयरोगाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते उभं केलं होतं. नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांचं. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण निवडले गेले आणि कुणी कुठे जायचं हे निव्वळ योगायोगावर सोडलं. निम्म्यांना वर्षभर सॅनिटोरियममध्ये, निम्म्यांना वर्षभर घरी. औषधं दोघांनाही तीच: आयसोनियाझिड आणि पास.

घरी राहिलेल्यांची परिस्थिती कशी होती? एका खोलीत सगळं कुटुंब, जेवण निकृष्ट, विश्रांती नावापुरती. जरा बरं वाटलं की माणूस कामावर. सॅनिटोरियममध्ये पौष्टिक आहार, मोकळी हवा, खाटेवर आराम. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. पाच वर्षं पाठपुरावा केल्यावरही तेच दिसलं. सगळ्यांत मोठी भीती घरच्या मुलाबाळांची होती. पण घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात रोग जास्त पसरला नाही. संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदान होण्याआधीच झालेला असे. औषध सुरू झालं की रुग्णापासूनचा धोका झपाट्याने उतरत असे.

या निष्कर्षाने जगभरच्या सॅनिटोरियमचा पाया ढासळला. भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला गेला तो घरी राहून औषध घेण्याच्या पायावरच. लाखो माणसं आईबापांपासून, मुलांपासून न तुटता बरी झाली, त्यामागे मद्रासच्या त्या कोंदट खोल्यांतल्या गरीब रुग्णांचं देणं आहे.

पण मद्रासची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. घरी राहिलेल्यांना गोळ्या देऊन सोडून दिलेलं नव्हतं. ठरलेल्या दिवशी त्यांना केंद्रात यावं लागे. केंद्राची माणसं घरी जात, न सांगता जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलं की नाही ते पाहत. कुणी आलं नाही तर शोधत जात. इतकं करूनही औषध वर्षभर नेमाने घेणं माणसाला जड जातं, हेही याच केंद्राने पाहिलं आणि त्यातूनच डोळ्यांदेखत औषध देण्याच्या पद्धतीची मुळं रुजली. ज्या सरकारांनी मद्रासचा स्वस्तपणा उचलला आणि ही राखण उचलली नाही, त्यांच्या पदरी अर्धवट औषध घेतलेले रुग्ण आणि औषधाला न जुमानणारे जंतू आले.

गडचिरोलीच्या आरोग्यदूत

मद्रासनंतर पुढचं मोठं पाऊल पडलं ते महाराष्ट्रात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला आले. ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेने दवाखाना बांधायच्या आधी आदिवासींना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतीच्या, नातेवाइकांना बाहेर ठेवणाऱ्या रुग्णालयाची त्यांना भीती वाटते हे पुढे आलं. मग शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या वाडीसारखा बांधला गेला, घरची माणसं रुग्णाजवळ राहतील असा, आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं गेलं.

तरीही नवजात बाळं दवाखान्यापर्यंत पोचत नव्हती. बाळंतपण घरी, बाळंतीण आणि बाळ बाहेर काढायचं नाही ही रीत, आणि पावसाळ्यात रस्ताच नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं, धाप लागली, तरी ते घरातच संपायचं. बालरोगतज्ज्ञांचं तेव्हाचं सर्वमान्य मत असं की जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला रुग्णालयातच भरती करायला हवं. मत बरोबर होतं, पण गडचिरोलीच्या बाळाला त्याचा उपयोग नव्हता.

बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच थोडं शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, श्वास मोजायला शिकवलं. जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार ठेवायला शिकवलं. सगळ्यांत धाडसाचं म्हणजे जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरच्या घरी जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हटलं गेलं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आले. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी उतरले होते. इथेही शिकलेला हात होता, पिशवीत साधनं होती, आणि आरोग्यदूताच्या कामाची नियमित तपासणी करून तिच्या चुका सुधारणारी माणसं होती.

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभरासाठी स्वीकारली. आज बाळ दवाखान्यात जन्मलं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बेचाळीस दिवस म्हणजे सव्वा महिना आणि थोडे दिवस वर. माहेरच्या बाळंतपणाची मुदत तीच राहिली, तिच्यात ज्ञानाची भर पडली. या सगळ्या भेटींसाठी आशाताईला मिळणारा मोबदला मात्र २५० रुपये ठरवला गेला, हेही नोंदवून ठेवायला हवं.

केरळने हीच गोष्ट आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला केली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला. लवकरच लक्षात आलं की ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे, ते बिछान्यावरून उठूच शकत नाहीत. मग नर्स घरी जाऊ लागली, आणि तिच्याबरोबर वाडीवस्तीतले स्वयंसेवक. शेजाऱ्यांच्या छोट्या छोट्या वर्गणीवर हे जाळं उभं राहिलं. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं आणि पुढे पंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्स नेमल्या.

यंत्रं घरात आली

दरम्यान यंत्रं लहान होत गेली. १९७४ च्या सुमाराला जपानच्या ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यांच्या आधारे, सुई न टोचता, रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची युक्ती शोधली. १९७० च्या दशकातच पोटाच्या पडद्यातून घरी करायचं डायलिसिस आलं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. आठ-दहा दिवसांचा मुक्काम दोन दिवसांवर आला. निकोल यांचं म्हणणं ऐंशी वर्षांनी सर्वमान्य होऊ लागलं होतं.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. ब्रूस लेफ यांनी १९९० च्या दशकात वयस्कर रुग्णांना दाखल करण्याऐवजी घरीच उपचार द्यायला सुरुवात केली: न्यूमोनिया, हृदयाचा कमकुवतपणा, दम्यासारखे फुप्फुसाचे आजार, त्वचेखालचा जंतुसंसर्ग. २००५ मध्ये ४५५ रुग्णांचा अभ्यास आला. उपचार सुरक्षित ठरले आणि घरी राहिलेल्यांना भ्रम कमी झाला. रुग्णालयात दाखल केलेल्या आजी-आजोबांचं तिसऱ्या रात्री अचानक असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या निष्कर्षाचं मोल सांगायला नको. २०२० मध्ये बॉस्टनच्या एका चाचणीत घरच्या उपचारांचा खर्च ३८ टक्क्यांनी कमी निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या सरकारी विम्याने घरच्या भरतीचे पैसे रुग्णालयाला द्यायला सुरुवात केली. अट अशी की दिवसातून किमान दोनदा शिकलेलं माणूस प्रत्यक्ष घरी गेलं पाहिजे.

आपल्या दारात

२०२० मध्ये कोविडने आपल्याला हाच धडा घाईघाईने शिकवला. सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच ठेवा, असं धोरण आलं. आओयागींच्या युक्तीवर चालणारं, बोटाला लावायचं यंत्र घराघरांत पोचलं. आओयागी स्वतः त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. मुंबईत २४ वॉर्डांच्या वॉररूममधून फोन जात होते, गावोगाव आशाताई दारात उभं राहून ऑक्सिजनची पातळी लिहून घेत होत्या. जिथे ही विचारपूस नेमाने झाली, तिथे घरी राहिलेला माणूस वेळेवर रुग्णालयात पोचला. जिथे ती तुटली, तिथे दुसऱ्या लाटेत माणसं सिलिंडर शोधत फिरली.

या कामातलं एक अंग महाराष्ट्राने स्वतःच्या बळावर उभारलं आहे आणि त्याची दखल कुणी फारशी घेत नाही. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. कुठे जनकल्याण समितीची, कुठे रोटरीची, कुठे एखाद्या गणेश मंडळाची. थोडी अनामत आणि नाममात्र भाडं भरलं की वरखाली होणारी खाट, हवेची गादी, कमोड खुर्ची, वॉकर, चाकाची खुर्ची मिळते, आणि गरज संपली की परत करायची. ज्यांचं घर शेकडो मैल दूर, त्यांच्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, जिथे टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण उपचारांच्या काळात नातेवाइकांसह राहतात. साधनांची बाजू समाजाने अशी सांभाळली. शिकलेला हात आणि जबाब देणारं माणूस ही बाजू मात्र रिकामी आहे.

ती रिकामी बाजू आज घरातली एक बाई भरून काढते. ड्रेसिंग, नळीतून भरवणं, कूस बदलणं, रात्रीचं जागरण, औषधांच्या वेळा. तिला कुणी शिकवलेलं नसतं, तिच्या नोकरीचं किंवा पाठीच्या दुखण्याचं कुणी विचारत नाही. परवडणारे लोक ब्युरोमधून बारा तासांची बाई किंवा ब्रदर ठेवतात. त्यांना कितपत शिक्षण आहे हे तपासायची सोय नसते. आरोग्यविम्यात घरी घेतलेल्या उपचारांची तरतूद असते, पण ती बहुतेकदा रुग्णाला हलवणंच शक्य नाही किंवा रुग्णालयात जागाच नाही अशा वेळेपुरती. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून सुटल्यावर १५ दिवसांचा खर्च धरलेला आहे. पण गोळ्यांचा खर्च मिळणं आणि घरी नर्स येणं यात फार अंतर आहे.

खाट लवकर मोकळी करायची आणि जबाबदारी घरावर टाकायची, याला घरी बरं होणं म्हणता येणार नाही. माँटेफिओरेने १९४७ मध्ये जे केलं, मद्रासने १९५६ मध्ये जे केलं, गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनी जे केलं, ते करायला महाराष्ट्राकडे माणसं आहेत आणि अनुभवही आहे. प्रत्येक सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयाने सुटीच्या आधी घरच्या एका तरी माणसाला हाताने करून दाखवत शिकवावं, स्त्री असो की पुरुष. प्राथमिक आरोग्य केंद्रात घरी जाणाऱ्या नर्सचं पद असावं. विमा नियामकाने घरच्या भरतीची व्याख्या नव्याने लिहावी. आणि आशाताईंना त्यांच्या कामाच्या तोडीचं वेतन मिळावं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एक विनंती आहे. आपलं माणूस रुग्णालयातून घरी आणताना आपण बिलाची ओळन् ओळ तपासतो. त्याच टेबलापाशी आणखी तीन प्रश्न विचारा: घरी कोण येऊन पाहणार, घरी काय काय लागणार, आणि रात्री बिघडलं तर कुणाला फोन करायचा. तिन्ही उत्तरं डिस्चार्ज कार्डावर, नावासह आणि नंबरासह लिहून घ्या. उत्तरं मिळेपर्यंत तिथून हलू नका.